दाजींचं शेवटचं रीळ

माझ्या थोरल्या साडूंइतकं बारकाईनं बघणारा माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत दुसरा झाला नाही, आणि डोळ्यांसमोरचं न दिसणाराही त्यांच्यासारखा दुसरा झाला नाही. हे मी त्यांच्या तोंडावर अनेकदा सांगितलं आहे. त्यावर ते एक डोळा मिटून माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "साडूभाऊ, जरा डावीकडं सरका. तुमच्या तोंडावर अंधार येतोय." मी सरकतो. न सरकून सांगतो कुणाला? त्यांच्या घरी पाहुणा आला की आधी त्याला उजेडाप्रमाणे बसवतात, मग पाणी विचारतात. त्यांचं म्हणणं असं की, जगात कुरूप माणूस नसतोच, चुकीच्या खिडकीपाशी बसलेला माणूस असतो. ऐकायला फार छान वाटतं; पण साताऱ्याहून सांगलीपर्यंत एसटीत उभं राहून गेलेल्या माणसाला बसायची खुर्ची तीनदा बदलायला लावली की या तत्त्वज्ञानातली गोडी संपते.

थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून आमची ही त्यांना दाजी म्हणते, तेव्हा मीही दाजीच म्हणतो. दाजी सिनेमात होते. पडद्यावर नव्हे, कॅमेऱ्याशेजारी. सिनेमा फिल्मच्या रिळावर निघायचा त्या काळात कॅमेरामनच्या बाजूला एक माणूस उभा असायचा. नटी दोन पावलं पुढं आली की भिंगावरची कडी तेवढीच फिरवायची आणि तिचा चेहरा स्पष्ट ठेवायचा, एवढंच त्याचं काम. त्याला फोकस पुलर म्हणतात. कोल्हापूरच्या स्टुडिओत दाजी ही कडी फिरवायला शिकले आणि मुंबईत जाऊन आयुष्यभर तीच फिरवत राहिले. मग डिजिटल कॅमेरे आले, फिल्म गेली, आणि दाजींनी बाणेदारपणे सांगलीचा रस्ता धरला. त्यांना कुणी जा म्हटलं नव्हतं. उलट नव्या कॅमेऱ्यावर तेच काम करा म्हणून माणसं मागं लागली होती. पण दाजी म्हणाले, "विजेवर चालणाऱ्या डब्याला कसला आलाय फोकस!" येताना भंगारात निघालेला एक फिल्मचा कॅमेरा तेवढा टेम्पोत घालून आणला. आक्का, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, हळदकुंकवाचं ताट घेऊन दारात उभी. तिला वाटलं, एकदाचं वॉशिंग मशीन आलं.

फिल्म आणि डिजिटल यांतला फरक दाजींनी मला इतक्या वेळा समजावून सांगितला आहे की झोपेतून उठवून विचारलंत तरी मी सांगेन. "डिजिटल म्हणजे साखर, साडूभाऊ. पांढरीफेक, सगळं दाणं एका मापाचं, अन् वास म्हणाल तर कशाचाच न्हाई. फिल्म म्हणजे गूळ! हरेक ढेपेचा रंग निराळा, चव निराळी. दाणा असतो तिला, दाणा. जित्ता दाणा!" मी एकदा हळूच म्हणालो, "दाजी, तुम्हाला मधुमेह आहे. तुम्हाला दोन्ही वर्ज्य." तर दोन महिने बोलले नाहीत. ते दोन महिने कसे गेले सांगू? सुखात गेले.

त्यांना लग्नाला न्यायचं म्हणजे तर मोठीच जोखीम. लोणंदला आमच्या नात्यातलं एक लग्न होतं. मांडवाच्या दोन्ही अंगांना लग्न दाखवणारे टीव्हीसारखे मोठमोठे पडदे लावले होते, डोक्यावर ड्रोन घोंघावत होता आणि नवरी शुभ्र शालू नेसून उभी होती. भटजींनी 'सावधान' म्हणायला आणि दाजींनी पडद्याकडे बघून ओरडायला एकच गाठ पडली. "जळलं! जळलं! सगळं जळलं!" म्हणजे, कॅमेऱ्यात उजेड जास्त घेतल्यामुळे शालूवरचं नक्षीकाम पांढऱ्यात बुडालं होतं, त्याला त्यांच्या धंद्यात जळणं म्हणतात. पण हे मांडवाला कुठलं ठाऊक? आचारी पाण्याची बादली घेऊन धावला, नवरदेवाच्या मामानं वायर उपटली, आणि नवरा-नवरीनं एकमेकांना हार अंधारात घातले. दाजी शांतपणे म्हणाले, "आता कसं बरं दिसतंय."

शूटिंगमधली दुसरी खोड म्हणजे तालीम. फिल्म महाग, वाया घालवायची सोय नाही. म्हणून आधी दहा वेळा तालीम करायची आणि मग एकदाच कॅमेरा चालू करायचा, हा त्या काळचा रिवाज. दाजींनी तो घरात आणला. स्कूटर काढायची तालीम, गॅस सिलिंडर आत घ्यायची तालीम. फार कशाला, आक्काला बघायला ते फलटणजवळच्या आमच्या सासुरवाडीला गेले होते, तेव्हाची गोष्ट अजून घरात सांगतात. आक्का पोह्यांचं ताट घेऊन मान खाली घालून बाहेर आली. दाजींनी डोळा बारीक केला आणि म्हणाले, "परत एकदा येता का आतनं? दारातला उजेड पाठीवर पडतोय." आमचे सासरे फौजेतून सुभेदार म्हणून आलेले. ते काठीकडे हात नेत म्हणाले, "पावनं, पोरगी हाय ती, पलटण न्हाई परेड करायला." पण आक्का खरंच आत गेली आणि परत आली. पोहे गार झाले, लग्न जमलं. पुढं हेच सासरे गेले तेव्हा, घर माणसांनी भरलेलं, रडारड चाललेली, दाजी मुकाट्यानं उठले आणि त्यांच्या डोक्यावरची ट्यूबलाइट बंद करून आले. म्हणाले, "म्हाताऱ्याला ट्यूब कधी मानवली न्हाई." खिडकीतून येणाऱ्या उन्हात सासरे खरोखरच नुसते झोपल्यासारखे दिसत होते. अशा वेळी या माणसाला काय म्हणावं ते मला कळत नाही.

आता मुख्य गोष्ट, फ्रिजची. दाजींच्या फ्रिजमध्ये दह्याचं भांडं आणि कोथिंबिरीची जुडी यांच्या मधोमध एक चपटा, गोल, पत्र्याचा डबा असायचा. त्यात न वापरलेल्या फिल्मचं शेवटचं रीळ. साधारण चार मिनिटांचं. फिल्म थंडीतच टिकते, म्हणून त्याचा मुक्काम फ्रिजात. त्या डब्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. कृष्णेला पूर आला, पाणी गल्लीत शिरलं, तेव्हा आक्कानं कागदपत्रं घेतली, औषधं घेतली, शेजारच्या आजीला काखेत धरून बाहेर काढलं. आणि आमचे दाजी मासेवाल्याकडून बर्फाचं खोकं पैदा करून त्यात हा डबा ठेवून डोक्यावर घेऊन निघाले. छावणीत लोक पोटाच्या मागं, हे बर्फाच्या मागं. "एवढं काय काढणार आहात त्यावर?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "त्या लायकीचं काही दिसलं की काढीन." ही लायकी ना मुलाच्या लग्नात दिसली, ना कधी घाटातल्या पावसात, ना आक्कात.

बरं, रीळ तरी धड जपावं? तर तेही नाही. दर खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा असते तेव्हा, दाजींच्या घरी पाटावर कॅमेरा बसायचा. झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ. आक्का त्याला ओवाळायची. मग दाजी तो थोडा चालवून दाखवायचे, कारण हत्यार वर्षातून एकदा तरी चाललं पाहिजे. आता चालवायचाच तर रिकामा चालवावा की नाही? छे! "रिकामी कात्री चालवली तर घरात भांडणं लागत्यात, अन् रिकामा कॅमेरा चालवायचा म्हणता?" म्हणून दरसाल काळ्या पिशवीत हात घालून ते रीळ कॅमेऱ्यात चढवायचे, खर्रर्र करून पुढं सरकवायचे, उजेड लागलेला तुकडा कापून टाकायचे आणि उरलेलं पुन्हा डब्यात, डबा पुन्हा दह्याशेजारी. शिवाय कुणी पाहुणा 'चालतो का अजून?' असं म्हणाला की त्याच्यासाठी वेगळा खर्रर्र. पाहुण्याचा तेवढाच पाहुणचार.

एवढा संसार आक्कानं कसा ओढला, हे दाजींना विचाराल तर ते तुमच्याकडं आश्चर्यानं बघतील. संसार ओढावा लागतो हे त्यांच्या कानावरच नव्हतं. दाजी मुंबईत नट्यांच्या नाकापासून भिंगापर्यंतचं अंतर कापडी टेपनं मोजत होते, तेव्हा आक्कानं घरामागं मिरची कांडप घातलं. तिखटात उभी राहून तिनं मुलाला इंजिनिअर केलं. उंच, सावळी, भरल्या आवाजाची बाई. तिच्या वरच्या ओळीत डावीकडचा एक दात शेजारच्यावर चढलेला होता. त्याची तिला कोण लाज! हसू आलं की आधी पदर तोंडावर. तिचं हसणं आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. पाहिलं कुणीच नव्हतं. मी तर म्हणेन, तिनं स्वतःसुद्धा पाहिलं नव्हतं. आणि नवरा सिनेमातला असून घरात तिचा धड फोटो नाही. लग्नात फोटोग्राफरला दाजींनीच उजेडाच्या वादावरून हाकलून दिलं होतं. पुढं कधी विषय निघालाच तर म्हणायचे, "चांगला लाईट मिळाला की काढू." सांगलीत तसा उन्हाचा तुटवडा नाही, पण मिळाला नाही खरा.

पिंकी ही माझ्या मेव्हण्याची मुलगी, आक्काची भाची. उसाच्या रानात वाढलेली ही पोरगी पुण्याला जाऊन कॅमेरा शिकली आणि आता वाईच्या बाजूला शूटिंगं चालतात तिथं डिजिटल सिनेमा कॅमेरा चालवते. दाजी तिला 'डिजिटल बाई' म्हणतात. ती त्यांना मामा म्हणते आणि अजिबात ऐकून घेत नाही. "मामा, तुमचा कॅमेरा चालवायला एक माणूस अन् उचलायला चार. त्यापेक्षा बैल बरा." दाजी म्हणतात, "तुझं मशीन रातभर चालू ठेवलं तरी फुकटच. फुकटाला किंमत नसती, डिजिटल बाई!" असं भांडण झालं की तास-दोन तास दोघंही खुशीत असतात. शिव्या खाऊनही त्यांच्या सगळ्या गोष्टी शेवटपर्यंत ऐकणारी घराण्यात ती एकटीच. आम्ही बाकीचे मध्येच चहाचं निमित्त काढून उठतो.

गेल्या वर्षी आक्काच्या हिरड्यांनी दगा दिला. मिरजेच्या दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, वरचे सगळे काढून कवळी बसवावी लागेल. आक्का म्हणाली, दसरा होऊ दे. आणि खंडेनवमीला आम्ही सगळे जमलेलो, कॅमेरा पाटावर बसलेला, झेंडू वाहून झालेला, निरांजन लावलेलं, अन् आक्कानं ताट खाली ठेवलं.

"यंदा मी ह्याला ओवाळणार न्हाई."

"आगं, असं काय करतीस? हत्यार हाय ते," दाजी म्हणाले.

"हाय न्हवं? मग ऐका. इतकी वर्सं मी ह्याला ओवाळलं. ह्यानं मला एकदा तरी बघितलं का? चार दिसांनी माझं दात जाणार. मग माझं तोंड माझं ऱ्हाणार न्हाई. त्याच्या आधी ह्यानं मला बघायचं. मग ओवाळीन."

दाजी गडबडले. म्हणाले, "आपली पिंकी काढंल की. तिचा कॅमेरा हाय गाडीत."

"पिंकीचा नको. ज्यानं जलमभर दुसऱ्या बायका बघितल्या, त्यानंच मला बघायचं."

मी आयुष्यात पहिल्यांदा दाजींना निरुत्तर झालेलं पाहिलं आणि ते डोळे भरून बघून घेतलं, खोटं कशाला बोलू? मग दाजी फ्रिजकडे गेले, कोथिंबीर बाजूला केली आणि डबा काढला.

त्यानंतर मात्र जे सुरू झालं ते देवा रे देवा! मागच्या अंगणात कांडपाच्या शेडशेजारी खुर्ची मांडली. माझ्या हातात पांढरी चादर देऊन मला उजेड परतवायला उन्हात उभं केलं. पिंकीनं आपला कॅमेरा आणून दाजींच्या उजव्या हाताला लावला. "मामा, मी पण घेते शेजारनं. मग दोन्ही बघू. होऊन जाऊ दे एकदाचं फिल्म का डिजिटल." दाजी म्हणाले, "घे की! डोळं मिटून सांगीन कुठलं कुठलं ते." पिंकीनं बटण दाबलं आणि ते चालूच ठेवलं, तिला काय, तिचं फुकटचं. दाजींच्या तालमी सुरू झाल्या. "हनुवटी खाली. एवढी न्हाई. हात मांडीवर. पदर अजिबात वर न्यायचा न्हाई, तोंडावर सावली पडती. ओठ मिटून. हसायचं न्हाई, नुसतं हसल्यागत करायचं." आक्का ते म्हणतील तसं करत होती, पोह्यांच्या वेळी केलं होतं तसंच. मग दाजींनी खिशातून टेप काढली, एक टोक भिंगाला धरलं आणि दुसरं टोक आक्काच्या नाकाशी नेलं. तिथं ते जरा जास्तच वेळ थांबले.

"काय बघताय?" आक्कानं विचारलं.

"अंतर," दाजी म्हणाले आणि घाईघाईनं मागं फिरले.

कॅमेरा खर्रर्र करून सुरू झाला. दाजींनी डोळा लावला. आक्का खुर्चीत अशी बसली होती, जणू आधार कार्डाचा फोटो काढायला आली आहे. ओठ घट्ट, नजर ताठ. माझ्या हातांना रग लागली. मध्येच कॅमेऱ्याचा आवाज बदलल्यासारखा वाटला, खर्रर्रची फटफट झाली. पण त्या यंत्राला एवढे आवाज होते की मी लक्ष दिलं नाही. पिंकीनं तेवढं चमकून माझ्याकडे बघितलं. दाजींना उजव्या कानानं कमी ऐकू येतं, हे ते कबूल करत नाहीत, आणि तोच कान कॅमेऱ्याला टेकलेला. ते बघतच होते. हलत नव्हते, बोलत नव्हते. इतका वेळ नवऱ्यानं आपल्याकडे एकटक बघायची आक्काला सवय नव्हती. ती कावरीबावरी झाली. ओठ न हलवता तिनं विचारलं, "दिसते का मी?"

"दिसतीस."

"कशी दिसते?"

आयुष्यात एकदा आलेली संधी. आमच्या दाजींनी क्षणभर विचार केला आणि मनापासून सांगितलं, "शार्प!"

आणि आक्का हसली. अशी हसली की खुर्ची करकरली. हात मांडीवर ठेवायचा हुकूम होता, म्हणून पदर वर आलाच नाही. तो चढलेला दात, डोळ्यांत आलेलं पाणी, पुढं झुकून 'आवं, शार्प काय शार्प!' म्हणणं, सगळं उघड्यावर. मी चादर खाली सोडली, मला कुणी रागावलं नाही. दाजी डोळा काढायलाच तयार नव्हते. तिचं हसणं ओसरलं तरी ते तसेच वाकलेले. मग आक्का उठली, डोळे पुसले आणि ताट घेऊन कॅमेऱ्याला ओवाळलं.

दसरा झाला, दात गेले, पुढं कवळी आली. फिल्म धुणारी जागा मुंबईत आता एखादीच उरली आहे, तिथं पिंकी डबा घेऊन गेली. आणि गंमत बघा, फिल्म धुतल्यावर आजकाल ती कॉम्प्युटरवरच उतरवून घ्यावी लागते, त्याशिवाय बघायची कशावर? म्हणजे दाजींचा गूळ शेवटी साखरेच्याच पोत्यातून घरी यायचा होता. हे त्यांना फोनवर कसं सांगावं याचा मी मनातल्या मनात आनंदानं सराव करत होतो, तोच पिंकीचा मला फोन आला. आवाज पडलेला.

"साताऱ्याचे मामा, घोटाळा झालाय ओ. आत्या हसायच्या आधीच फिल्म संपली होती."

"संपली म्हणजे? चार मिनिटांचं होतं ना?"

"होतं कवातरी! दर खंडेनवमीला खर्रर्र, पाहुणा आला की खर्रर्र. मामांनी सगळी त्यातच घालवली. ओठ मिटून बसलेली आत्या तेवढी आलीय. हसणं न्हाई."

मी दाजींना मनसोक्त शिव्या घातल्या. पण पिंकी म्हणाली, "शिव्या नंतर द्या. आत्याला काय सांगायचं? तिचे दात आता परत येणार हायत का?" खरं होतं ते. कॅमेरा परत लावता आला असता, उजेड परत आला असता, पण ते तोंड आता नव्हतंच. आक्का दर दोन दिवसांनी फोन करून विचारत होती, आलं का गं माझं? ह्यांनी काढलेलं?

"माझ्याकडं आहे सगळं हसणं," पिंकी म्हणाली. "कॅमेरा चालूच होता माझा. जोडू का फिल्मच्या पुढं? रंग जुळवते, फिल्मवर असतात तसले बारीक ठिपके, तो मामांचा दाणा टाकते. पण मग मामांना फसवल्यासारखं होईल."

मी सरळमार्गी माणूस म्हणून साताऱ्यात ओळखला जातो. मी म्हणालो, "जोड. आणि दाणा जरा सढळ हातानं टाक."

दिवाळीत सांगलीला सगळे जमले. टीव्हीसमोर दाजींची खुर्ची मधोमध, उजेडाप्रमाणे. पिंकीनं सांगितलं, दोन तुकडे आहेत, कुठला फिल्मचा आणि कुठला डिजिटलचा ते ओळखा. पहिला लावला. ओठ मिटून बसलेली आक्का, स्वच्छ, लख्ख, आणि संपलं. दुसरा लावला. तीच आक्का, तशीच बसलेली, पण जरा मऊ, जरा उबदार. आणि मग तिचे ओठ हलले, आणि ती हसली.

मी दाजींकडे बघत होतो. त्यांनी एक डोळा मिटला नव्हता; दोन्ही उघडे होते.

"ही फिल्म!" ते गरजले. "बघा, डिजिटल बाई, ह्याला म्हणत्यात फिल्म! ह्यात जीव हाय. तुझं मशीन जलमात असं हसणं धरू शकंल का?" पिंकी मान खाली घालून म्हणाली, "हरले, मामा." मला हसू दाबताना ठसका लागला. एवढा मोठा तज्ज्ञ, आणि बरोबर साखरेलाच गूळ म्हणाला! कुठंतरी वाईटही वाटलं. आक्का मात्र कुणाकडे बघत नव्हती. नवी कवळी बसवलेल्या तोंडावर सवयीनं पदर धरून ती टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली होती.

"मी अशी हसते व्हय?" ती म्हणाली. "आगंबया. बरी दिसते की गं." मग वळून, जरा लाजत, "तुमीच काढलं हे?"

"मग काय शेजाऱ्यानं काढलं?" दाजी म्हणाले.

निघायच्या वेळी मी पायरीवर चपला शोधत होतो. पिंकी पुढं होती. दाजी तिच्या मागोमाग आले आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाले, "तुझा कॅमेरा माझ्या उजव्या हाताला होता."

"व्हय, मामा."

"माझ्या जागंवरनं तिचा तो दात अर्धाच दिसत होता. टीव्हीवर सगळा दिसला."

माझा हात एका चपलेत अडकला.

"रीळ डब्यात भरताना हाताला हलकं लागलं, तवाच कळलं मला. म्हटलं, बघू, आलं असंल कुठंतरी शेवटाला."

"मामा, मी सांगणार होते, पण..."

"काही सांगू नकोस. तिला तर अजिबात न्हाई. अन् खोटं काय हाय त्यात? फिल्म नसंल आत. बघत तर मीच होतो न्हवं? इतकी वर्सं बघायचं ऱ्हाऊन गेलं, पोरी. फोकस तू धरला होतास?"

"मीच."

"चांगला धरलास," दाजी म्हणाले आणि आत गेले.

त्या माणसावर मी इतकी वर्षं मनसोक्त हसत आलो आहे, आणि पुढंही हसणार आहे, तो हक्क मी सोडणार नाही. पण त्या दिवशी मला हसू येईना. आतून आक्काचा भरला आवाज बाहेरपर्यंत येत होता. शेजारणीला बोलावून तिनं तिसऱ्यांदा टीव्ही लावायला सांगितला होता, आणि सांगत होती, "आमच्या ह्यांनी काढलंय. लय हसवलं बाई मला."